छापावर छाप

महिनाभराचं प्रदर्शन आहे, सोमवारी बंद.
माझी खुर्ची चौथ्या काचपेटीपाशी.
काम सोपं : काचेला हात लावू द्यायचा नाही
आणि स्वच्छतागृह कुठे ते सांगायचं.

बसमधून उतरतात लोक,
त्र्यंबकची पूजा आटोपलेली, शिर्डीची आरती गाठायची,
मधली चाळीस मिनिटं म्हणजे नाशिक.
ताई, पांडवलेणी इथून किती?
ताई, मिसळ कुठली खावी?
कपाळावरचं गंध अजून ओलं,
चिवड्याची पिशवी पेटीवर टेकवून
दोन हजार वर्षांची चांदी बघतात,
मिनिटाला अठरा नाणी.
एका पोराने विचारलं, एवढ्याशा पैशात काय यायचं?
म्हटलं, बाळा, ते दुकान आता बंद झालंय.

फलक मला पाठ आहे.
जोगलटेंभी. गोदाकाठ. हजारोंनी सापडलेली नाणी.
एका राजाने दुसऱ्याला हरवलं
पण त्याची नाणी वितळवली नाहीत.
वितळवायचं तर जळण लागतं, सवड लागते.
तशीच घेतली ऐरणीवर
आणि चेहऱ्यावर आपला छाप मारला :
तीन कमानींचा डोंगर,
खाली एक नागमोडी रेघ.
भिंगातून पाहिलं तर डोंगराच्या कडेला
अजून नाक दिसतं त्या पहिल्याचं,
कानामागचे थोडे केस.
दुपारी तीनला ऊन तिरपं आत येतं,
तेव्हा भिंगही लागत नाही.

माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलंय
सौ. मृणालिनी शिरसाठ.
हे नाव ताटात तांदूळ पसरून
अंगठीने लिहिलेलं.
सासूबाई गोदावरी,
एका घरात दोन गोदा कशा चालतील?
एवढाच प्रश्न होता, आणि तो मला विचारलेला नव्हता.
नवऱ्याने एका दमात लिहिलं, न खोडता,
आगपेटीच्या पाठीवर सराव केला होता म्हणे.
सगळे हसले. मीही.
त्या तांदळांची दुसऱ्या दिवशी खीर झाली असणार,
त्या घरात काही वाया जात नसे.

राग नाही.
सासूबाईंना जाऊनही अकरा वर्षं झाली,
नाव तसं रिकामंच पडलंय.
परत कुठल्या खिडकीवर मागतात,
ते मात्र कुणाला विचारलं नाही.

काल शनिवार. पटांगणात संध्याकाळच्या कार्यक्रमाची तालीम,
लेझीम आत भिंतींना लागत होती.
सुरतेची बस आली. साठ बायका,
पिवळ्या टोप्या, छातीवर बिल्ले,
पुढे शिट्टी घेतलेला एक माणूस.
आणि त्या पिवळ्यातून कुणीतरी ओरडलं,
गोदे!
पाय आधी उठले, मी नंतर.
खुर्ची मागे पडली.
अगं गोदे, चांदोरीची ना तू? घाटावर माझी चप्पल सोडलीस पाण्यात!

बिल्ल्यावर लिहिलं होतं हर्षदाबेन.
मी म्हटलं, अनशे.

काय बोललो ते सांगण्यासारखं नाही,
गुडघे, साखर, कोण गेलं, कोण आहे.
मग तिने वाकून दोन्ही तळवे काचेवर ठेवले.
यात काय आहे गं?
मी दाखवलं : हे नाक बघ, हे केस.
हा आधीचा, हा नंतरचा.
ती बराच वेळ बघत राहिली,
मग बोटाने तळाची रेघ गिरवली, काचेवरूनच.
ही नदी ना?
असावी म्हणतात, मी सांगितलं, नक्की नाही.
असावी काय? शाळेत आपण अशीच काढायचो.

शिट्टी वाजली. पिवळ्या टोप्या दाराशी जमल्या.
फोन नंबर घ्यायचा राहिला,
दोघींचाही.

बंद करताना काचा पुसायच्या असतात.
सगळ्या पुसल्या.
चौथीवर दोन तळवे आहेत, आणि त्यांच्यामध्ये
एक नागमोडी बोट.
आजही तसंच होतं ते, रविवारची गर्दी असूनही.
उद्या सोमवार आहे.
उद्या पुसेन म्हणते.